अठ्ठेचाळीस मतं, आणि बाकीच्या साडेचार लाखांचं काय?

गोरेगाव_स्लो (धागाकर्ता)

लोकसभेला माझं मत वायव्य मुंबईत. २०२४ ला आमच्याकडे काय झालं ते बऱ्याच जणांना आठवत असेल. वायकर ४,५२,६४४, कीर्तिकर ४,५२,५९६. फरक ४८ मतांचा. आमच्या सोसायटीच्या एका विंगेत याहून जास्त मतदार आहेत, आणि त्यातले निम्मे त्या दिवशी लोणावळ्याला होते.

मी कोणाला मत दिलं ते सांगत नाही, नाहीतर धागा दुसऱ्याच रुळावर जाईल. माझी अडचण वेगळी आहे. ज्या साडेचार लाख लोकांचा माणूस पडला, त्यांची मतं कुठे गेली? कुठेच नाही. राज्याचं बघा. महाराष्ट्रात ४८ जागा. मविआ आणि महायुती, दोघांना ४३ टक्क्यांच्या वर मतं, फरक अर्धा टक्काही नाही. जागा मात्र ३० आणि १७. देशात २०१४ ला भाजपला ३१ टक्क्यांवर २८२ जागा. बसपला ४ टक्क्यांहून जास्त मतं आणि जागा शून्य. हे एकाच पक्षाचं पाप नाही, १९८४ ला काँग्रेसही निम्म्याहून कमी मतांत चारशेपार गेली होती.

तर प्रश्न असा: ‘ज्याला सगळ्यात जास्त मतं तो खासदार’ ही पद्धत आता बदलावी का? आणि बदलायची तर कशी? प्रमाणशीर प्रतिनिधित्व आणावं का, म्हणजे पक्षाला जितके टक्के मतं तितके टक्के जागा, आणि त्या जागांवर पक्षाने दिलेल्या यादीतली माणसं?

खवचट_काका

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धागाकर्ता काडी टाकून ८:१७ची चर्चगेट पकडणार.

पिंपळपार

अजिबात बदलू नये. मॅच एका रनने जिंकली तरी कप जिंकणाऱ्यालाच मिळतो, हरलेल्याला अर्धा कापून देत नाहीत. आपली पद्धत शेंबड्या पोरालाही समजते. माझा खासदार कोण ते मला माहीत असतं, रस्ता खराब असला तर कोणाचं दार वाजवायचं ते माहीत असतं. यादीवरून आलेल्या खासदाराचं दार कुठे शोधू?

आणि स्थिर सरकार नको का? १९९६ ते ९९ विसरलात वाटतं. तेरा दिवसांचं सरकार, मग तेरा महिन्यांचं.

गोरेगाव_स्लो

पिंपळपार, १९९६ ते ९९चा गोंधळ आहे त्याच पद्धतीत झाला हो! तेव्हा कुठे प्रमाणशीर प्रतिनिधित्व होतं?

आणि दार वाजवायचं म्हणता, तर खरं सांगा, शेवटचं कधी वाजवलंत? देशात ९७ कोटींच्या आसपास मतदार, ५४३ जागा. एका खासदारामागे सरासरी अठरा लाख. मलकाजगिरीत तर ३७ लाखांच्या वर, आणि लक्षद्वीपमध्ये ५८ हजारही नाहीत. रस्त्यासाठी मी नगरसेवकाकडेच जातो (आणि तोही भेटत नाही).

पेठेतला_पोपट

नगरसेवकाचा विषय निघालाच आहे तर. पुण्यात २०१७ला चारचा प्रभाग केला. एका मतदाराने चार बटणं दाबायची, चार नगरसेवक निवडायचे. आमच्या गल्लीतलं ड्रेनेज तुंबलं. पहिल्याला फोन केला, म्हणाले ते काम ताईंकडे आहे. ताई म्हणाल्या, तुमची गल्ली दादा बघतात. दादांनी चौथ्याचं नाव सांगितलं. चौथे अंत्यविधीला गेले होते. ड्रेनेज शेवटी पावसानेच धुऊन नेलं.

तेव्हा एका ठिकाणी अनेक प्रतिनिधी म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

दक्षिणायन

पोपटराव, :हाहा: पण चारचा प्रभाग म्हणजे प्रमाणशीर पद्धत नव्हे. तिथे चारही जागांवर ‘जास्त मतं तो’ हाच नियम, त्यामुळे एकाच पक्षाचं पॅनेल चारही जागा मारू शकतं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मी ऑकलंडला राहते. नागरिकत्व घेतलेलं नाही, पण इथे पीआर (कायमच्या वास्तव्याचा परवाना) असलेल्यालाही संसदेसाठी मत देता येतं. (हो, पीआर असूनच पीआरचा, म्हणजे प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचा, अनुभव घेतला, हा विनोद आमच्या मराठी मंडळात करून झालाय.)

पहिल्यांदा मतपत्रिका हातात आली तेव्हा मी मिनिटभर नुसती बघत राहिले. एकाच कागदावर दोन रकाने. डावीकडे पक्ष, उजवीकडे आपल्या मतदारसंघातले उमेदवार. दोन टिका करायच्या. उजवीकडची टीक ठरवते तुमच्या भागाचा खासदार कोण, ती मोजणी अगदी आपल्यासारखी. डावीकडची ठरवते की १२० जणांच्या सभागृहात कुठल्या पक्षाचे एकूण किती. मतदारसंघांतून कमी आले तर उरलेले यादीतून भरतात. त्यामुळे पिंपळपार यांच्या प्रश्नाचं उत्तर: दार आहे. शिवाय यादीवाल्याचंही असतं, तोही आपलं ऑफिस थाटून बसतो, कारण पुढच्या वेळी त्यालाच तुमचा मतदारसंघ लढवायचा असतो.

हे इथे सहज झालं नाही. आधी आपल्यासारखीच पद्धत होती. १९७८ आणि १९८१, लागोपाठ दोनदा कमी मतं मिळालेला पक्ष सत्तेत बसला. १९८१ ला एका तिसऱ्या पक्षाला २० टक्क्यांवर मतं मिळाली आणि जागा २. लोक चिडले. १९९३ ला सार्वमत होऊन पद्धत बदलली, १९९६ ला पहिली निवडणूक. २०११ ला पुन्हा विचारलं, ‘ठेवू का?’ तर जवळजवळ ५८ टक्के ‘ठेवा’ म्हणाले. १९९६ नंतर एका पक्षाला स्वबळावर बहुमत मिळालं ते थेट २०२० ला. मधल्या काळात आघाड्याच होत्या, पण सरकारं काही दर सहा महिन्यांनी कोसळत नव्हती.

दोष सांगते, नाहीतर पिंपळपार म्हणतील परदेशाचं कौतुक. यादीत वाटा हवा तर पक्षाला ५ टक्के मतं हवीत, किंवा एक मतदारसंघ जिंकायला हवा. २००८ ला एका पक्षाला ४ टक्क्यांच्या वर मतं पडून शून्य जागा, आणि ॲक्ट नावाच्या पक्षाला त्याहून कमी मतांत पाच, कारण त्यांनी एप्समची एक जागा जिंकली होती. २०११ ला तर पंतप्रधानांनी तिथल्या एका कॅफेत ॲक्टच्या उमेदवाराबरोबर जाहीर चहा घेतला. म्हणजे आपल्या मतदारांना इशारा: इथे याला मत द्या. तो चहा इथे फार गाजला.

खवचट_काका

चहा पिऊन जागा सोडतात? आमच्याकडे जागावाटपात चहा होतो, नाश्ता होतो, जेवण होतं, तरी सांगलीची जागा सुटत नाही.

कंदी_पेढा

काका __/\__

सांगलीचं सोडा, आमच्या साताऱ्याचं ऐका. २०२४. शशिकांत शिंदे यांचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. एका अपक्षाला मिळाली पिपाणी, आणि यंत्रावर मराठीत नाव काय, तर ‘तुतारी’. शिंदे हरले ३२ हजार ७७१ मतांनी. पिपाणीला पडली ३७ हजारांच्या वर. आमच्या शेजारच्या आजी मत देऊन आल्या आणि सुनेला म्हणाल्या, “माणूस कुठं दिसला न्हाई बया, नुसतीच तुतारी हुती, तीच दाबली.” सून दोन दिवस बोलली नाही.

आता मला सांगा, या आजींना दोन रकाने आणि पसंतीक्रम कोण समजावणार?

ठेचाभाकर

पिपाणीवाल्या सगळ्याच मतांना गैरसमज समजू नका राजेहो, काही खरीबी असतील. पण मुद्दा कळला.

माझा वेगळा मुद्दा. ते ५ टक्क्यांचं कुंपण इथं लावून बघा. २०२४ ला अख्ख्या देशात ५ टक्क्यांच्या वर मतं किती पक्षांना? दोन. फक्त दोन. सपाचे ३७ खासदार, मतं पाचच्या आत. तृणमूलचे २९, तेही पाचच्या आत. द्रमुकचे २२, मतं दोन टक्क्यांच्याही आत. ऑकलंडचं कुंपण आणून लावलं तर सगळे प्रादेशिक पक्ष एका रात्रीत बाहेर. लावायचंच तर राज्यावार लावा. महाराष्ट्राच्या ४८ जागा एकत्र धरा आणि वाटा.

आणि मतं खायचा धंदा तरी बंद होईल. २०१९ ला नांदेडात अशोक चव्हाण ४० हजारांनी पडले, वंचितच्या उमेदवारानं खाल्ली एक लाख ६६ हजार.

निळी_पहाट

ठेचाभाकर, बाकी सगळं मान्य, पण ‘खाल्ली’ म्हणजे काय? ती कोणाच्या ताटातली होती? ज्यांनी दिली त्यांनी विचार करूनच दिली. ही ‘मतं खाणे’, ‘बी टीम’ वगैरे भाषाच या पद्धतीतून आली आहे. २०१९ ला वंचितला राज्यात लाखोंनी मतं मिळाली आणि आघाडीची एकमेव जागा आली ती औरंगाबादची, तीही एमआयएमच्या चिन्हावर. त्या मतदारांना पाच वर्षं शिव्या मिळाल्या, प्रतिनिधी नाही मिळाला.

ठेचाभाकर

ताई, शब्द मागे घेतो. तुमचं बरोबर हाय.

खवचट_काका

या धाग्यावर कोणीतरी शब्द मागे घेतला! तारीख लिहून ठेवा रे कोणी.

ऱ्हाईनकाठ

जर्मनीतून थोडक्यात. इथेही दोन मतं. पण सगळं प्रमाणात बसवता बसवता सभागृह फुगत ७३६ वर गेलं, म्हणून २०२३ ला ६३० वर गाठ मारली. परिणाम: २०२५ ला २३ जण आपापल्या मतदारसंघात पहिले आले आणि तरीही घरीच बसले, कारण पक्षाच्या वाट्यात तेवढ्या जागाच नव्हत्या. आणि एका पक्षाला ४.९८ टक्के. शून्य जागा. म्हणजे ४८ मतांचं दुःख इथेही आहे, फक्त दशांश चिन्हात.

मला विचाराल तर फ्रान्ससारखी दुसरी फेरी बरी. पहिल्या फेरीत कोणालाच निम्म्याहून जास्त मतं नाहीत तर आठवड्याने पुन्हा मत द्या.

पेठेतला_पोपट

आपल्याकडे एका फेरीलाच सात टप्पे आणि दीड महिना. दुसरी फेरी म्हणजे सगळ्या शाळांच्या शिक्षकांना थेट दिवाळीलाच सुट्टी.

गणितमास्तर

शिक्षकांचं नाव निघालं म्हणून लिहितो. नोकरीच्या काळात मी पदवीधर मतदारसंघाच्या मोजणीला दोनदा बसलोय. पसंतीक्रम म्हणजे काय ते तिथे कळतं.

मतदान केंद्रावर जांभळ्या शाईचा पेन देतात, तोच वापरायचा. उमेदवारासमोर १, २, ३ असे आकडे घालायचे. देवनागरी चालतात, रोमन चालतात, अक्षरात ‘एक’ लिहिलं की बाद. टीक केली की बाद. खाली सही केली की बाद. एकाने माझ्यासमोर आलेल्या पत्रिकेवर १ घालून पुढे ‘शुभेच्छा!’ लिहिलं होतं. बाद. आणि हे सगळे पदवीधर बरं का. कंदी पेढा यांच्या आजींना उगाच बोल लावू नका.

मग गठ्ठे. वैध मतं मोजायची, निम्मी अधिक एक हा कोटा. कोणीच पोहोचला नाही तर तळातला उमेदवार बाद, त्याचा गठ्ठा सोडायचा, प्रत्येक पत्रिकेवर २ कोणाला आहे ते बघून त्या त्या खणात टाकायची. मग त्याच्या वरचा. रात्री तीनला अठराव्या फेरीला कोणीतरी विचारतं, “ही पत्रिका कोणाकडून आली होती?” आणि सगळ्यांच्या अंगावर काटा येतो. २०२३ ला अमरावतीची मोजणी दुसऱ्या दिवसावर गेली होती ती उगाच नाही.

पण निकाल समाधानकारक लागतो. कोणाचं पहिलं नाही तर दुसरं मत तरी कामी येतं.

आणि आपल्याला हे नवीन आहे असं कोण म्हणतं? राष्ट्रपती असेच निवडतात, राज्यसभेचे आपले १९ खासदार असेच येतात. १० जून २०२२ आठवा. सहा जागा, सात उमेदवार. वैध मतं २८४. प्रत्येक मताची किंमत १००, म्हणजे २८,४००. भागिले सात (जागांपेक्षा एक जास्त), अधिक एक, कोटा ४०५८. सहाव्या जागेसाठी शिवसेनेचे संजय पवार आणि भाजपचे धनंजय महाडिक. पहिल्या पसंतीची मतं पवारांना ३३, महाडिकांना २७. जिंकले कोण? महाडिक. कारण भाजपच्याच गोयल आणि बोंडे यांना प्रत्येकी ४८ मतं होती. कोट्याच्या वरची त्यांची शिल्लक दुसऱ्या पसंतीने महाडिकांकडे वळली आणि ते कोटा ओलांडून गेले. पवारांना बाकीच्या तिघांची शिल्लक मिळूनही ते ३९२६ वर थांबले. पहाटेपर्यंत जागून मी ते गणित वहीत सोडवलं होतं. बायको म्हणाली, तुम्हाला कोणी विचारलंय का?

पिंपळपार

म्हणजे २७ वाला जिंकतो आणि ३३ वाला हरतो, आणि हे तुम्हाला न्याय्य वाटतं? मास्तर, माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात.

गणितमास्तर

पिंपळपार, ४८ + ४८ + २७ म्हणजे १२३. तीन कोटे १२१.७४. १२३ मतांच्या गटाला तीन जागा मिळाल्या. यात अन्याय कुठे आहे ते दाखवा, वही उघडीच आहे.

संपादक मंडळ

दोन प्रतिसाद उडवले आहेत. २०२२ नंतर कोण कोणाबरोबर गेलं याचे वेगळे धागे आहेत, तिथे जा.

सोलकढी

आमका किते? गोव्याच्या जागा दोन. उत्तर आणि दक्षिण. दोन जागा प्रमाणात कशा वाटणार ते मास्तरांनी सांगावं. राज्यावार वाटायचं म्हटलं की गोवा, सिक्कीम, मिझोराम सगळे कोपऱ्यात.

पण मला खरं बोलायचंय ते यादीबद्दल. सगळे मत मोजायच्या पद्धतीवर भांडताहेत. यादी करणार कोण? आज तिकीट कोण देतं? दिल्लीतलं नाहीतर मुंबईतलं एक घर. उद्या ४८ जणांची यादीही तेच घर करणार, आणि पहिली दहा नावं कोणाची असतील ते सांगायला ज्योतिषी नको. आज निदान घराण्यातल्या पोराला उन्हात फिरून मतं तरी मागावी लागतात.

यादीचा एकच फायदा मला दिसतो. बाई-पुरुष-बाई-पुरुष असा क्रम सक्तीचा करता येतो. २०२३ ला १०६वी घटनादुरुस्ती झाली, लोकसभेत एक तृतीयांश जागा बायकांना. पण कधी? जनगणना, मग मतदारसंघांची पुनर्रचना, मग. नेपाळने बघा, २७५ पैकी ११० जागा प्रमाणशीर यादीच्या, आणि प्रत्येक पक्षाच्या खासदारांत किमान एक तृतीयांश बायका. मतदारसंघात कमी आल्या तर यादीतून भरा. सोपं.

गोरेगाव_स्लो

सोलकढीताईंचा मुद्दा मला आधी सुचला नव्हता हे कबूल. विधी आयोगाने १९९९च्या १७०व्या अहवालात मधला मार्ग सुचवला होता: आहेत त्या जागा तशाच, वर २५ टक्के जागा वाढवून त्या मतांच्या प्रमाणात यादीने द्यायच्या. मला तोच पटत होता. नव्या संसद भवनात लोकसभेच्या ८८८ खुर्च्या आहेत, म्हणजे बसायचीही सोय झालेली आहे. पण यादी कोण करणार यावर माझ्याकडे उत्तर नाही.

निळी_पहाट

उत्तर इथे एकदा होऊन गेलंय, म्हणून जरा लांब लिहिते.

संविधान सभेत जानेवारी १९४९ मध्ये हीच चर्चा झाली. मध्यप्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी बहुसदस्यीय मतदारसंघ आणि प्रमाणशीर पद्धतीची दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी विरोध केला. कारणं मुख्यतः दोन: या पद्धतीला मोठ्या प्रमाणावर साक्षरता लागते, आणि तिच्यामुळे सभागृहाचे इतके तुकडे होतील की सरकार टिकणार नाही. अल्पसंख्याकांसाठी राखीव जागा हा त्यांना जास्त भरवशाचा मार्ग वाटत होता. मग १९५२ ला स्वतः बाबासाहेब उत्तर मुंबईच्या द्विसदस्यीय मतदारसंघात राखीव जागेवर काँग्रेसच्या काजरोळकरांकडून हरले. १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही हरले. राखीव जागा होती, पण तिच्यावर कोण बसणार ते सगळ्यांच्या मतांनी ठरत होतं.

याची दुसरी बाजू १९३२च्या पुणे करारात आहे. येरवड्यात स्वतंत्र मतदारसंघ सोडावे लागले, त्याबदल्यात प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्यातलं एक कलम कोणी सांगत नाही. राखीव जागेसाठी आधी फक्त दलित मतदारांनी मत देऊन चार जणांचं पॅनेल निवडायचं, आणि मग त्या चौघांतून सगळ्या मतदारांनी एक. म्हणजे उमेदवार कोण असावा यासाठीच आधी मतदान. मुदत दहा वर्षांची होती, पुढे ती सोय गेली. राखीव जागा राहिल्या, पॅनेल निवडायचा अधिकार गेला. तो अधिकार आज पक्षाच्या कार्यालयात आहे, आणि आता फक्त राखीव जागांपुरता नाही, सगळ्यांच्याच.

सोलकढी

हे मला माहीत नव्हतं. ‘सहमत’ वगैरे नाही, नुसतंच गप्प झाले.

कंदी_पेढा

पण पक्षातल्या कोणी मत द्यायचं? आमच्या तालुक्यात एक माणूस सकाळी एका पक्षाचा सदस्य असतो, संध्याकाळी दुसऱ्याचा. मिस कॉल दिला की सदस्य. त्या मतदानालाही ट्रॅक्टर भरून माणसं येतील.

निळी_पहाट

येतील. ट्रॅक्टर आला म्हणून ग्रामपंचायतीची निवडणूक बंद करतो का आपण?

पिंपळपार

साक्षरतेचं कारण आता लागू नाही एवढं मी मान्य करतो. १९५१ ला १८ टक्के, २०११ ला ७४ टक्के. लोक शहाणे झालेत, आकडे घालता येतात सगळ्यांना. तरीही माझं मत आहे तेच ठेवा.

गणितमास्तर

मग इथेच करून बघू. चार पर्याय. अ: आहे तीच पद्धत. ब: दुसरी फेरी. क: दोन मतांची मिश्र पद्धत. ड: आधी तिकिटाची निवडणूक, बाकी मग बघू. प्रत्येकाने पर्यायापुढे पसंतीचा आकडा घालायचा. टीक चालणार नाही. मुदत उद्या रात्री ९. मोजणी मी करणार, म्हणून माझं मत नाही.

खवचट_काका

अ १. पुढची पसंती देत नाही, मी एकनिष्ठ आहे.

दक्षिणायन

क १, ब २, ड ३.

सोलकढी

ड १. बस.

पिंपळपार

अ ✔

वाचनमात्र

सहा वर्षांत पहिलाच प्रतिसाद. अ १.

गणितमास्तर

काही मतं निरोपातून आली, तीही धरली. एकूण ११, बाद १, वैध १०. कोटा ६.

पहिली पसंती: अ ४, क ३, ड २, ब १.

ब बाद. ते एक मत ऱ्हाईनकाठ यांचं, दुसरी पसंती क. आता अ ४, क ४, ड २.

ड बाद. निळी पहाट यांची दुसरी पसंती क. सोलकढी यांनी पुढे काहीच लिहिलेलं नाही, ते मत तिथेच थांबलं. आता क ५, अ ४. दोनच उरले, कोट्याला कोणी पोहोचलं नाही तरी जास्त मतांचा विजयी. क निवडून आला, फरक १.

पिंपळपार

थांबा, बाद कोणाचं?

गणितमास्तर

तुमचं. टीक केलीत.

पिंपळपार

अहो पण माझा उद्देश स्पष्ट होता! अ सोडून दुसरं काही लिहिलंच नव्हतं! ते धरलं असतं तर ५-५ झालं असतं!

गणितमास्तर

झालं असतं. मग चिठ्ठी काढावी लागली असती, २०१७ ला मुंबई मनपाच्या एका प्रभागात काढली तशी.

कंदी_पेढा

आजी विचारताहेत, हे पिंपळपार पदवीधर का?

गोरेगाव_स्लो

पिंपळपार, तुमचं दुःख माझ्याइतकं कोणाला कळणार? या वायव्य मुंबईत, चहा पाजतो.

पिंपळपार

फेरमोजणीचा अर्ज निरोपातून पाठवला आहे.